सोलांच्या शेजारी वाळत घातलेले खेळाडू

आये, गेल्या आठवड्यात दुकानात चारचौघांसमोर मी हसलो, आणि ते हसणं माझ्याच कानांना तुझं वाटलं. आवाज माझाच होता, जाडा, तंबाखू सोडून इतकी वर्षं झाली तरी खरखरीत. पण हसण्याआधी जी एवढीशी जागा राहिली ती तुझी होती. आधी सगळे हसले, मग एक मात्रा रिकामी गेली, आणि मग मी. माझे कान तिखट आहेत हे तुला ठाऊक आहे. भजनात टाळ धरून बसलो की पखवाजवाला चुकणार हे मला त्याच्या आधी कळतं. काचेवर बोटाचं पेर मारून आत तडा आहे की नाही ते सांगतो. ‘बघतो, येतो परत’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांतला कोणता खरोखर येणार, हे त्याच्या ‘बघतो’वरून ओळखतो. या कानांवर माझं दुकान उभं राहिलं असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत आलोय. आणि तुझं ते मागाहून येणारं हसणं याच कानांनी कितीतरी वर्षं ऐकलं, आणि त्याचा अर्थ एवढाच लावला की आमची आई गमतीची आहे, तिला मस्करी चालते.

आपण घरात कोंकणी बोलायचो आणि कागदावर मराठी लिहायचो. डिचोलीच्या मामाला तू पत्र लिहायचीस तेही मराठीतच, ‘इकडील सर्व क्षेम’ असं. म्हणून मीही असंच लिहितोय. हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे क्षेम वगैरे राहू दे.

तू होतीस तेव्हा पेडण्याच्या बाजारातलं आपलं दुकान देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या यांचं होतं. आता मागच्या खोलीत काचेची कपाटं बनतात. तुला हसू येईल, पण आता बाप्ये माणसं चित्रं जमवतात. फुटबॉलवाल्यांची, क्रिकेटवाल्यांची, कसल्या कसल्या राक्षसांचीसुद्धा. ‘कार्ड’ म्हणतात. हरमलला येऊन राहिलेल्या लोकांकडे आहेत, जहाजावर कामाला जाणाऱ्यांकडे आहेत, म्हापशाच्या एका डॉक्टरकडे तर भिंतभर आहेत. एकेक कार्ड पातळ पिशवीत, पिशवी कडक प्लास्टिकच्या डबीत, डबी माझ्या कपाटात. आणि कपाटाला अशी काच, जिच्यावर पातळ पडदा चिकटवलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण उन्हातलं जे रंग खातं ते अडवतो. कारण ऊन आधी लाल रंग खातं, मग पिवळा. निळा शेवटपर्यंत मागे राहतो. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो आणि त्याला खात्री पटावी म्हणून गल्ल्याच्या वर टांगलेली छोटी फ्रेम दाखवतो. त्या फ्रेममध्ये कोण आहे ते तुला माहीत आहे. माझा कप्तान. तोंड राखेसारखं, ओठ नाहीतच, आणि टोपी तेवढी निळी.

शाळेत होतो तेव्हा च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची. गम मी दुसऱ्यांना देऊन टाकायचो आणि चित्र ठेवायचो. खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, शाळेच्या जुन्या वह्यांवर, माझा सगळा संघ झोपलेला असायचा. मग एका पावसाळ्यात ट्रंक उघडली तर सगळ्यांवर पांढरी लव. काही एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं तर एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीला. मी जमिनीवर बसून रडलो, आणि तू चुलीवरचं भांडं तसंच उतरून ठेवून माझ्यासमोर येऊन बसलीस. एकेक चित्र पदराच्या टोकानं पुसलंस. पुसताना प्रत्येकाचं नाव विचारत होतीस, आणि मी हुंदके देत नाव, शतकं, बळी सगळं सांगत होतो. ‘हो बरो दिसता,’ असं तू एका डावखुऱ्या गोलंदाजाकडे बघून म्हणालीस. मला रडता रडता हसू आलं.

पुढच्या मे महिन्यात तू मला सुट्टीला मामाकडे डिचोलीला पाठवलंस. मामा खाणीच्या ट्रकवर होता. दिवसभर त्याच्या शेजारी बसून फिरायचं आणि संध्याकाळी कानांतून लाल माती काढायची, यात माझी सुट्टी गेली. इकडे घरी तुझं पुरुमेंत चाललं होतं. पावसाळ्यात घरातून बाहेर पडता येत नाही तेव्हाची बेगमी, कोकमाची सोलां, मिरच्या, चिंच, खारवलेले बांगडे, सगळं मागच्या दारी उन्हात. पावसात जे टिकवायचं त्याला आधी ऊन दाखवायचं, ही आपल्याकडची रीत. गोधड्यांना दाखवतो, पेटीतल्या साडीला दाखवतो. तू माझ्या चित्रांनाही दाखवलंस.

मी परत आलो तो दिवस अजून तसाच दिसतो. बसमधून उतरून मी धावत मागच्या दारी येतो, कारण तू तिथंच असणार. तू चटईपाशी उकिडवी बसली आहेस, हातात कावळे हाकायची काठी. चटईवर सोलां काळी पडत चालली आहेत, आणि शेजारी सुपात माझा संघ. एकावर एक नाही, नीट ओळीत, प्रत्येकाला जागा दिलेली. तोंडं वर, कारण बुरशी त्या बाजूला आली होती. मी गेल्यापासून रोज तू ती मांडत होतीस, दुपारी सोलांबरोबर परतत होतीस, दव पडायच्या आत उचलत होतीस. मला बघून तू सूप उचलून पुढे केलंस, जसं काही खायला देतेस तसं.

सगळा संघ निळा पडला होता. कडा सोलांसारख्या वळलेल्या. चेंडू कुठला लाल राहायला?

‘ऊन दाखयलें रे पुता,’ तू म्हणालीस. ‘ना तर परत बुरशी येतली.’

‘तुका कळना तर हात लावूं नाका,’ मी म्हटलं.

तू सूप खाली ठेवलंस. त्या बोलण्याची लाज आज थोडीच वाटते, फार नाही. पोर होतो, पोरं बोलतात. तूही ते तिथंच सोडून दिलंस, जेवायला वाढताना खाणीवरच्या गमती विचारल्यास. लाज वाटते ती त्यानंतर खूप वर्षांनी जे सुरू झालं त्याची. तेव्हा मी पोर नव्हतो. चांगला मिशा आलेला, म्हापशात काच कापायला शिकून आलेला, स्वतःच्या नावाची पाटी लावलेला दुकानदार होतो.

दुकान नवं होतं आणि लोक साधी काच मागायचे. चांगली काच का घ्यावी हे पटवून देताना एकदा तोंडातून ती गोष्ट निघाली. आमच्या आईनं, म्हटलं, माझे क्रिकेटवाले सोलांबरोबर वाळत घातले. गिऱ्हाईक इतकं हसलं की काचेची किंमत विचारायचं विसरलं. तेव्हापासून ती गोष्ट माझ्या हत्यारांतलं एक हत्यार झाली. कुठं थांबायचं, कुठं तुझा आवाज काढायचा, सूप पुढे करताना हात कसे करायचे, सगळं बसत गेलं. आणि आये, मी मुद्दाम सांगतो, त्या गोष्टीतून मी काय काढून टाकलं ते. ट्रंकेतली बुरशी काढली. माझं रडणं काढलं. तू पदरानं पुसत नावं विचारत बसलीस ते काढलं. ते ठेवलं की गोष्ट हसण्याजोगी राहत नव्हती. ऐकणारा गप्प व्हायचा आणि साधी काच घेऊन जायचा. हे मला दोन-तीनदा सांगून बघितल्यावर कळलं, आणि मी ते कापून टाकलं, जशी जास्तीची पट्टी कापतो तसं. उरली ती एक अडाणी बाई आणि एक सूप. मग कप्तानाला फ्रेममध्ये घालून गल्ल्यावर टांगला.

तू डबा घेऊन यायचीस. दुकानात गिऱ्हाईक असलं की मला आणखी चेव यायचा. ‘हीच ती,’ असं म्हणून मी तुझ्याकडे हात करायचो. लोक वळून बघायचे आणि हसायचे. मग एक मात्रा. मग तू डबा टेबलावर ठेवून, पदर सावरून हसायचीस आणि म्हणायचीस, ‘हां, हांवेंच भाजले ते. पापड कशे.’ त्यावर लोक आणखी हसायचे, आणि मला वाटायचं, काय जोडी आहे आमची. एकदाच, दुकान बंद करून घरी जाताना, तू विचारलंस, ‘तें चित्र थंय कित्याक लायलां रे?’ गिऱ्हाइकांक दाखवंक, म्हटलं. ‘बरें,’ म्हणालीस.  पुढं तिठ्यापर्यंत मी दुसऱ्या दिवशीच्या कामाचं काहीतरी बोलत होतो.

त्यानंतर कधीतरी तू मागच्या दारानं यायला लागलीस. पुढे गिऱ्हाइकांचे आवाज असले की मागं डबा टेकवल्याचा आवाज यायचा, आणि मग तुझ्या चपला परत जायच्या. मी ते ऐकायचो. हाताखालच्या माणसाला सांगायचो, बघ, आमच्या आईला धंदा कळतो, बोलणी चालली असताना मध्ये येत नाही.

तू गेलीस. गोष्ट नाही गेली. उलट मी शेवटी ‘आता नाही ती, बिचारी’ एवढं जोडलं. हसून झाल्यावर लोकांचा आवाज मऊ व्हायचा, आणि मऊ झालेल्या माणसाला महाग काच विकायला फार बोलावं लागत नाही. हेही लिहिलं पाहिजे, कारण तुझ्यामागं हे मी इतकी वर्षं केलं.

आता अलीकडचं सांगतो. चोपड्याला नदीच्या काठावर एका तारवटीनं, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या माणसानं, घर बांधलं. बंदराबंदरांतून आणलेली फुटबॉलची कार्डं, काहींवर खेळाडूंच्या सह्या. माझं नाव ऐकून आला. तुझा नातू आता दुकानात आहे, त्यानं मापं घेतली. पण कपाट कुठं बसवायचं ते मी ठरवलं. सूर्य कुठून उगवतो, कुठं मावळतो, छप्पर किती पुढं आलंय, सगळं बघितलं. खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला. घरातल्यांना तो पुरता खाली सोडायचा नव्हता, नदीचा वारा अडतो म्हणाले. मी म्हटलं, हातभर वर ठेवा, तेवढ्यानं काही होत नाही, ऊन वरून येतं. दारंही त्यांना साध्या काचेची हवी होती, आरपार स्वच्छ दिसावं म्हणून. ऊन येणारच नाही तर ती ऊन अडवणारी काच कशाला, असं म्हणून मी तेही मान्य केलं.

तो माणूस जहाजावरून परत आला आणि त्याचा फोन आला. मी गेलो. वरच्या ओळी ठीक होत्या. खालच्या ओळीतले लाल गंजीफ्रॉकवाले सगळे विटले होते. मला काही उमजेना. मग दुपारी मी कपाटासमोर जमिनीवर मांडी घालून बसलो, आणि माझ्या सदऱ्यावर उजेड हलायला लागला. भरतीचं पाणी, त्यावर पडलेलं ऊन, आणि ते पाण्यावरून उसळून पडद्याखालच्या त्या हातभर फटीतून थेट आत. ऊन खालूनही येतं. नदीकाठच्या तालुक्यात जन्म काढला, होडीत बसून हनुवटी भाजून घेतलेला माणूस मी, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. तो माणूस भला. तोंडानं एक शब्द वावगा बोलला नाही. उलट मलाच चहा पाजला. कपाट मी नव्यानं करून दुसऱ्या भिंतीला लावून दिलं, या वेळी ऊन अडवणाऱ्या काचेचं. गेलेले रंग काही आले नाहीत. विटलेल्यांतल्या एका कार्डावरची सही जहाजावरच्या त्याच्या दोस्तानं आणून दिलेली होती, आणि तो दोस्त आता नाही, हे त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं. सहज सांगितलेलं जास्त ऐकू येतं.

मग गेल्या आठवड्यात हरमलला राहणारं पुण्याचं जोडपं दुकानात आलं. तुझा नातू त्यांना कपाटं दाखवत होता, मी कोपऱ्यात चहा घेत उभा. त्यानं कप्तान दाखवला, सोलांची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा बरी सांगतो. थांबतो तिथंच थांबतो, तुझा आवाज काढतो, हात तसेच पुढे करतो. तुला त्यानं धड बघितलेलंही नाही; तो काढतो तो मी काढलेला तुझा आवाज. मग त्यानं चोपड्याचं सांगितलं. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, ‘आमच्या घरात ही रीतच आहे. आजीनं वरून भाजलं, बाबांनी खालून.’

सगळे हसले. वाक्यही झकास आहे, मला सुचलं असतं तर मी वापरलं असतं. मग एक मात्रा गेली. त्या एका मात्रेत काय असतं ते मला तेव्हा कळलं, आये. चोपड्याच्या जमिनीवर बसलेला मी त्यात होतो, तो मेलेला दोस्त होता, आणि पोराच्या तोंडावरचा आनंद होता, धंदा जमत आलाय याचा. तो मोडायचा कसा? म्हणून मी कपबशी खाली ठेवली, आणि हसलो. वर म्हणालो, ‘होय होय, मीच तो.’

जोडपं गेलं. मी चहाची कपबशी घेऊन मागच्या दारानं बाहेर आलो, आणि पायरीवर उभा राहिल्यावर ध्यानात आलं की मी कुठल्या दारानं आलोय.

दोन दिवसांनी पोरानं विषय काढला. दुकानाची छोटीशी फिल्म करायची म्हणतो, फोनवर फिरवायला. सुरुवातीला तुझा तो फोटो, तुझ्या भाच्यानं काढलेला, चटईपाशी काठी घेऊन बसलेली तू, उन्हानं डोळे बारीक केलेले. आणि खाली अक्षरं, ‘आजीच्या उन्हापासून सावध’. मजा येईल म्हणाला. ‘बाबा, तो फोटो दी मरे.’

मी नको म्हणू शकलो असतो. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगायचं तर माझ्यापासून सुरुवात करावी लागली असती. ही गोष्ट त्यानं कोणाकडून उचलली? म्हणून मी म्हटलं, फोटो गेला, बुरशी आली.

‘तुज्या घरांत बुरशी?’ तो हसत म्हणाला. ‘लोकांक सांगूं नाका.’ मग फोटोशिवाय मजा नाही म्हणून त्यानं फिल्मचा बेत सोडला. तेवढं झालं. कप्तान मात्र गल्ल्यावर अजून आहे. काल काढायला स्टुलावर चढलो होतो. तेवढ्यात एक बाई आली, लग्नाचा फोटो पिवळा पडतोय म्हणून. स्टुलावर उभ्या उभ्याच मी कप्तानाकडे बोट केलं. अर्धी गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय करतोय. मग ती पुरी केली.

फोटो गेलेला नाही. माझ्या कपाटात आहे, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात, त्यावर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी. एवढा बंदोबस्त मी कुठल्या गिऱ्हाइकाच्या कार्डाचा केलेला नाही. आज सकाळी घरात कोणी नव्हतं. तुझी सून बाजाराला, पोर हरमलला त्या जोडप्याकडे माप घ्यायला. मी फोटो उघडला. खालच्या कोपऱ्यात, तुझ्या काठीच्या टोकाशी, पांढरी लव धरली होती. थोडीच, नखाएवढी. मी खोटं बोललो होतो ते खरं निघालं.

पदर नाही, म्हणून सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग मागच्या दारी गेलो. तुझी सूनही सोलां घालते, तुझ्याच जागी. ऊन अजून माडांच्या आडून येत होतं, कोवळं. चटईच्या कडेला जागा केली आणि फोटो ठेवला. तोंड खाली करून, पाठ उन्हाला, म्हणजे ओल जाईल आणि रंग राहील. एवढं मला आता कळतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला. आणि कबूल करतो, ठेवायच्या आधी मी कुंपणाकडे बघून घेतलं, शेजारचं कोणी नाही ना. कोणी असतं तर मी हसलो असतो आणि तुझी गोष्ट सांगितली असती.

वळणावर स्कूटर आली तेव्हाच ती पोराची आहे हे मी ओळखलं. फाटक वाजायच्या आत फोटो उचलून सदऱ्यात घातला. तो विसरलेली मापाची पट्टी न्यायला आला होता. ‘बाबा, उन्हांत कित्याक बसलास?’ त्यानं विचारलं.

‘सोलां परततां,’ मी म्हटलं.

आयुष्यात मी सोलां कधी परतली नव्हती. तो पट्टी घेऊन जाईपर्यंत परतत बसलो. फोटो छातीशी गरम लागत होता. स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर तो पुन्हा जागेवर ठेवला, खडा ठेवला, आणि शेजारी बसून हे लिहायला घेतलं. तुला लिहायला जमलं, आये. त्याला सांगायला अजून जमलेलं नाही.